दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

“एकोणनव्वद,” माझ्या उजव्या खांद्यामागून कुणीतरी म्हणालं.

मी वळले नाही. बसमध्ये मागून कुणी काही बोललं तर वळायचं नसतं, हे आईने लहानपणीच डोक्यात भरवलंय. शिवाय मी कामात होते. माझ्या तिकिटावर ८६३३ हा आकडा होता आणि मी त्याला एकाहत्तरने भागून बघत होते. हे मी रोज करते. तिकीट हातात आलं की उतरायच्या आत त्याचे अवयव पाडायचे. कुणी बसमध्ये डुलकी काढतं, कुणी विणकाम करतं, तसं माझं हे.

“एकोणनव्वद गुणिले सत्त्याण्णव,” आवाज पुन्हा आला, या वेळी जरा ओशाळलेला. “माफ करा हं. तुम्ही एकाहत्तरपाशी होता, पुढे चारच राहिले होते. पण मला राहवलं नाही.”

आता वळावंच लागलं.

“मी एकाहत्तरपाशी होते हे तुम्हाला कसं कळलं?”

“तुमचे ओठ हलतात,” तो म्हणाला. “काचेत दिसतं.”

बाहेर पाऊस होता, आभाळ काळं होतं आणि खिडकीच्या काचेत माझा चेहरा खरंच स्पष्ट दिसत होता. सहा वर्षं मी मनातल्या मनात भागाकार करते असं समजत होते. म्हणजे सहा वर्षं सगळी बस माझे भागाकार बघत होती.

त्याच्या चष्म्यावर थेंब होते. ओली छत्री त्याने कुणाला लागू नये म्हणून स्वतःच्याच पायाला टेकवून धरली होती, त्यामुळे त्याच्या पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत भिजला होता. दांडा धरलेल्या हाताचा अंगठा पिवळा होता. हळदीचा नव्हे, फिकट, कागदाच्या रंगाचा पिवळा.

तो पिवळा रंग मी ओळखते. मी लगेच तोंड फिरवून समोर बघायला लागले.

कारण त्याची-माझी ओळख होता कामा नये, असा आमच्या ऑफिसचा नियम होता.

*

आमचं ऑफिस म्हणजे एक जुना छापखाना. मालकांना दहा वर्षांपूर्वी एक कोश काढायची हुक्की आली. निवडक संख्यांचा कोश. एका पानावर एक संख्या. ती मूळ आहे की नाही, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला दुसऱ्या कशाने भाग जातो का. जात असेल तर विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, अशी सगळी तिची कुंडली. हा कोश कोण विकत घेणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

छापील पुस्तकात चूक राहू नये म्हणून मालकांनी एक पद्धत बसवली होती. प्रत्येक संख्या दोन माणसांनी वेगवेगळी सोडवायची. वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी सोडवायचे आणि पांढऱ्या कार्डावर उत्तर लिहायचे. खालच्या मजल्यावर दुसरं कुणीतरी तीच संख्या सोडवायचं आणि पिवळ्या कार्डावर लिहायचं. दोन्ही कार्डं मधल्या मजल्यावर जुळवणीच्या बाईंकडे जायची. जुळली तर पान छपाईला. नाही जुळली तर दोघांकडे परत, नुसता शिक्का मारून. समोरच्याचं उत्तर काय आलं हे कुणालाच सांगायचं नाही.

आमचे जिने वेगळे, डबा खायची वेळ वेगळी. “ओळख झाली की चुकाही सारख्या व्हायला लागतात,” असं मालक म्हणायचे. तेव्हा आम्हाला ते पटायचं.

आणि लाल ठिपके होते. एकच संख्या तिसऱ्यांदाही जुळली नाही तर बाई स्वतः गणित करून बघायच्या आणि ज्याचं चुकलं असेल त्याच्या नावापुढे लाल ठिपका द्यायच्या. वर्षात तीन ठिपके झाले की गणनेच्या टेबलावरून उठायचं आणि मागच्या खोलीत बसून पार्सलांवर पत्ते लिहायचे. माझे दोन ठिपके झाले होते. ते टेबल, ते हँडल फिरवून हिशेब करायचं यंत्र आणि वर्गांचं जाडजूड पुस्तक सोडून मला जगात दुसरं काही धड येत नाही. मला स्वयंपाक येत नाही, गप्पा मारता येत नाहीत. पत्ते लिहायला बसवलं असतं तर मी ते नीट लिहिले असते, आणि आतून वाळले असते.

तर असा तो पिवळा अंगठा. त्या कार्डांचा रंग स्वस्तातला होता, हाताला लागायचा.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच बसला होता. मी ओठ घट्ट मिटून बसले. तो माझ्या मागच्याच दांड्याला धरून उभा राहिला. दोन थांबे गेले. मग हळूच म्हणाला, “आपण एकमेकांना ओळखत नाही.”

“नाहीच ओळखत,” मी म्हणाले.

“मी फक्त तिकिटाबद्दल बोलू शकतो. तिकीट ऑफिसचं नाही.”

मी विचार केला. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. “नऊ हजार नऊशे एक्क्याण्णव,” मी म्हणाले.

तो चष्मा पुसत राहिला. ओठ न हलवता भागाकार करायची त्याची ती पद्धत होती, हे मला नंतर कळलं. पुढच्या थांब्याला तो म्हणाला, “मूळ आहे.”

“नाही.”

“मी तेवीसपर्यंत आलोय.”

“कशाला भागत बसता? शंभराचा वर्ग दहा हजार. त्याला नऊ कमी. नऊ म्हणजे तीनाचा वर्ग. वर्गातून वर्ग गेला की संख्या आपोआप सुटते. शंभर वजा तीन, शंभर अधिक तीन. सत्त्याण्णव गुणिले एकशे तीन.”

तो माझ्याकडे बघत राहिला. इतका वेळ की कंडक्टरला त्याला बाजूला सरकवून पुढे जावं लागलं.

“हे फार छान होतं,” तो म्हणाला.

मला आजवर लोक हुशार म्हणाले होते, तुसडी म्हणाले होते. छान असं कुणी म्हटलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघितलं, तर काचेत तोच दिसत होता.

*

यानंतर सात आठवडे आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो. रोज सकाळी नऊ दहाच्या बसला एकमेकांना ओळखत नव्हतो आणि संध्याकाळी पावणेसहाच्या बसला पुन्हा ओळखत नव्हतो. ज्याचं तिकीट आधी सुटेल त्याने खिडकीशी बसायचं असं ठरलं. तो मुद्दाम हरायचा हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मीही मुद्दाम हरायला लागल्यावर खिडकी रिकामी राहायला लागली आणि एक जाडे गृहस्थ तिथे येऊन बसायला लागले.

“आधी तू आठ चाळीसची बस पकडायचीस,” वहिनी एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली. “आता नऊ दहाची.”

“त्या बसला गर्दी कमी असते.”

“असं? काल तुझे दादा त्याच बसने गेले. लोंबकळत गेले म्हणे.” तिने ताट पुसून माझ्या हातात दिलं. “कसा आहे?”

“कोण?”

“बस.”

मी ताट फळीवर ठेवलं. वहिनी हसली. “तुझं कठीण आहे बाई. उद्या कुणी तुला म्हणालं, ‘तू मला आवडतेस’, तर तू विचारशील, ‘कशावरून?’”

मला वाटतं, मी खरंच तसंच विचारलं असतं. पण मला तो आवडायला लागला होता आणि कशावरून, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. सकाळी उठल्यावर आज पाऊस असेल का हे मी बघायला लागले होते, कारण पाऊस असला की त्याची छत्री थांब्यापासून ऑफिसच्या कोपऱ्यापर्यंत दोघांना पुरायची. कोपऱ्यावर तो छत्री मिटायचा, म्हणजे तो भिजत पुढच्या दाराने जाईल आणि मी भिजत मागच्या. छत्री एकाने वापरावी असं दोघांपैकी कुणालाच कधी सुचलं नाही.

“तुमचे ठिपके किती?” त्याने एकदा विचारलं. हे तिकिटाबाहेरचं होतं. पण मी सांगितलं.

“दोन.”

“माझेही दोन. दुसरा तुमच्यामुळे.”

“माझ्यामुळे कसा?”

“ज्या दिवशी तुम्ही नऊ हजार नऊशे एक्क्याण्णव फोडलात, त्या दिवशी मी सात सत्ते सत्तेचाळीस लिहिलं.”

मी म्हणाले, “एकोणपन्नास.”

“हो,” तो म्हणाला. “तेही नंतर कळलं.”

*

मग मालकांना मुखपृष्ठ सुचलं.

छापखान्यातल्या पहिल्या यंत्रावर एक क्रमांक कोरलेला होता, १०२२११७. मालकांचं त्या यंत्रावर फार प्रेम. त्यांनी विचारलं, ही संख्या कशी आहे ते बघा. मी बघितलं. आमच्याकडे मूळ संख्यांची एक छापील यादी असायची, टेबलाच्या काचेखाली सरकवलेली. दोनपासून नऊशे सत्त्याण्णवपर्यंत, एकशे अडुसष्ट संख्या. यादीतल्या एकेकीने भागत जायचं, कशानेच भाग गेला नाही की संख्या मूळ. सहा वर्षं हेच करत आले होते. मी एकशे अडुसष्ट भागाकार केले, प्रत्येक वेळी बाकी उरली. पांढऱ्या कार्डावर लिहिलं, ‘मूळ’. पिवळं कार्डही ‘मूळ’ म्हणून आलं. कार्डं जुळली.

मालक खूश झाले. “जिला कुणी तोडू शकत नाही अशी संख्या,” ते सगळ्या मजल्यांवर सांगत फिरले. ती मुखपृष्ठावर घ्यायची ठरली आणि मुखपृष्ठाचा नमुनाही छापून आला. गडद निळ्यावर मोठे पांढरे आकडे, खाली मालकांची ओळ, ‘जिला कुणी तोडू शकत नाही’.

राहिलं होतं फक्त तिचं आतलं पान. त्यातला शेवटचा रकाना, दोन वर्गांची बेरीज. सूचनापत्रात लिहिलेलं असायचं की मूळ संख्येला चारने भागून बाकी एक उरत असेल, तर ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि एकाच रीतीने येते. ती रीत शोधा.

मी शोधली. ९७४ चा वर्ग अधिक २७१ चा वर्ग. कार्ड खाली पाठवलं आणि डबा उघडला.

दुपारी कार्ड परत आलं. ‘जुळत नाही.’

मी पुन्हा गणित केलं. तेच आलं. पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा परत. ‘जुळत नाही. दुसरी वेळ.’

त्या संध्याकाळी बसमध्ये तिकीट त्याने बघितलंसुद्धा नाही. पाऊस तिरका होता आणि बंद खिडकीच्या फटीतून आत येत होता.

“एक विचारू?” तो म्हणाला. “तिकिटाबाहेरचं आहे.”

“विचारा.”

“तुमचं एक कार्ड दोनदा परत आलंय का?”

मी मान हलवली.

“मुखपृष्ठाचं?”

मी पुन्हा मान हलवली. आणि मग आम्ही ते केलं जे करायचं नव्हतं. मी माझं उत्तर सांगितलं, त्याने त्याचं सांगितलं. त्याचं होतं ९६१ चा वर्ग अधिक ३१४ चा वर्ग.

“चुकलंय तुमचं,” मी म्हणाले.

“मला तुमचंच चुकलंय असं वाटतंय.”

“मी दोनदा केलंय.”

“मीही दोनदाच.”

“कुठून सुरुवात केलीत?”

“मधून,” तो म्हणाला. “सातशे पंधरापासून.”

“मधून? मधून कोण सुरुवात करतं? वरून यायचं असतं. सगळ्यात मोठा वर्ग घ्यायचा आणि खाली उरलेल्यात लहान शोधायचा.”

“म्हणजे एक खूप मोठा आणि दुसरा अगदी लहान,” तो म्हणाला. “मला ते… बरं नाही वाटत. मला वाटतं दोघं साधारण सारखे असावेत. म्हणून मी दोघांना शेजारी ठेवून सुरुवात करतो. मग नाइलाज झाला की एकेक पाऊल लांब नेतो.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो गणिताबद्दलच बोलत होता. निदान त्याचा चेहरा तरी तसंच सांगत होता.

“आणि मिळालं की थांबता?”

“मिळाल्यावर कशाला पुढे जायचं? एकच असतं ना.”

“एकच असतं,” मी म्हणाले.

मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. एकच असतं, म्हणजे आमच्यातलं एक चुकलं होतं. उद्या तिसऱ्यांदा कार्डं जातील, बाई स्वतः गणित करतील आणि आमच्यातल्या एकाला तिसरा ठिपका मिळेल. तो उतरताना म्हणाला, “उद्या बघू.” छत्री माझ्याकडेच राहिली. माझा थांबा पुढचा होता.

*

सकाळी टेबलाशी बसले. कोरं पांढरं कार्ड समोर होतं, यंत्र बाजूला होतं. त्याचं उत्तर तपासायला मला पाच मिनिटं लागली असती. नऊशे एकसष्टचा वर्ग, तीनशे चौदाचा वर्ग, बेरीज.

मी तपासलं नाही.

हे नीट सांगायला हवं, कारण नंतर बाईंनीही मला हेच विचारलं. मी तपासलं नाही, कारण ते चुकीचं निघालं असतं तर मला ते लिहिता आलं नसतं. माझा हात चुकीचा आकडा लिहीत नाही, तो अडतो. आणि मला ते लिहायचं होतं. तो मागच्या खोलीत पत्ते लिहीत बसलाय, चष्मा पुसायची सवय आहे पण भागायला काही नाही, हे चित्र मला सहन होत नव्हतं. त्यापेक्षा मी बसेन. मी सहा वर्षांत पहिल्यांदा न तपासलेलं उत्तर लिहिलं, ९६१ आणि ३१४, आणि कार्ड खाली पाठवलं. अंगातून ताप उतरल्यासारखं वाटलं.

अकरा वाजता जुळवणीच्या बाईंनी बोलावलं. मधल्या मजल्यावर मी आजवर दोनदाच गेले होते, दोन्ही वेळा ठिपक्यासाठी. दार ढकललं तर तो आधीच उभा होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. इतक्या ठरवून बघितलं नाही, की बघण्यापेक्षा ते जास्त दिसलं असेल.

बाईंच्या टेबलावर चार कार्डं होती. बाई साठीच्या आसपासच्या, कोरड्या, चष्मा साखळीने गळ्यात. त्यांना आवाज चढवताना कुणी ऐकलेलं नव्हतं.

“हे परवाचं पांढरं,” त्या म्हणाल्या. “नऊशे चौऱ्याहत्तर, दोनशे एकाहत्तर. हे परवाचं पिवळं. नऊशे एकसष्ट, तीनशे चौदा. जुळत नाहीत.” त्यांनी उरलेली दोन कार्डं पुढे सरकवली. “हे आजचं पांढरं. नऊशे एकसष्ट, तीनशे चौदा. आणि हे आजचं पिवळं. नऊशे चौऱ्याहत्तर, दोनशे एकाहत्तर. हीसुद्धा जुळत नाहीत.”

मी पिवळ्या कार्डाकडे बघितलं. माझा आकडा होता, त्याच्या अक्षरात. त्याचा नऊ शेपटीपाशी जरा वळतो हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“दहा वर्षं जुळवणी करतेय,” बाई म्हणाल्या. “उत्तरं चुकलेली बघितली, खाडाखोड बघितली. रातोरात उत्तरांनी घरं बदललेली कधी बघितली नव्हती. तुम्ही दोघं भेटता कुठे?”

“बसमध्ये,” आम्ही दोघं म्हणालो. निदान हे तरी जुळलं.

“बाई, चूक माझी आहे,” तो म्हणाला. “पहिल्यांदा मीच बोललो.”

“मी उत्तर दिलं नसतं तर बोलणं वाढलं नसतं,” मी म्हणाले.

“भांडा नंतर,” बाई म्हणाल्या. “आधी गणित चुकलंय कुणाचं ते बघू. तू त्याचं कर. तू तिचं कर. इथे, माझ्यासमोर.”

मी यंत्र ओढलं. ९६१ चा वर्ग ९२३५२१. ३१४ चा वर्ग ९८५९६. बेरजेसाठी हँडल फिरवलं आणि माझा हात थांबला. १०२२११७.

“बरोबर आहे याचं,” मी म्हणाले. माझं उत्तर चुकलं याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतकं हलकं वाटलं की हसू येईल अशी भीती वाटली.

“नाही,” तो त्याच्या कागदावरून मान वर न करता म्हणाला. “यांचं बरोबर आहे. ९४८६७६ अधिक ७३४४१. १०२२११७. मी दोनदा बघितलं.”

आम्ही कागद बदलले. दोघांनी एकमेकांचं तपासलं. दोन्ही बरोबर होती.

खालून छपाईयंत्राचा ठोका ऐकू येत होता. बाईंनी सूचनापत्र काढून डोळ्यांपाशी धरलं. “मूळ संख्या एकाच रीतीने,” त्या पुटपुटल्या. “एकाच… आणि इथे तर दोन रीती आहेत.”

“मग ती मूळ नाही,” तो सावकाश म्हणाला.

आणि तेव्हा मला माझ्या कच्च्या कागदावरची पहिली ओळ आठवली. मी वरून सुरुवात केली होती. पहिल्यांदा घेतला तो एक हजार अकराचा वर्ग, १०२२१२१. चार जास्त होत होते, म्हणून मी ती ओळ खोडली आणि खाली आले.

“चार जास्त,” मी म्हणाले. “एक हजार अकराच्या वर्गाला चार कमी. आणि चार म्हणजे…”

“दोनाचा वर्ग,” तो म्हणाला. “नऊ हजार नऊशे एक्क्याण्णव.”

“एक हजार अकरा वजा दोन, एक हजार अकरा अधिक दोन. एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा.”

बाईंनी टेबलाच्या काचेखालची यादी बघितली. तीच यादी, जी माझ्याही काचेखाली होती आणि त्याच्याही. शेवटची संख्या नऊशे सत्त्याण्णव. त्यानंतरची मूळ संख्या एक हजार नऊ. कोशातल्या संख्या दहा लाखांच्या आतल्या होत्या तोवर ती यादी पुरत होती. ही संख्या दहा लाखांच्या वरची होती. आणखी एक, फक्त एक भागाकार केला असता तर ती सुटली असती. आम्हाला वेगवेगळ्या मजल्यांवर बसवलं, जिने वेगळे केले, डब्याच्या वेळा वेगळ्या केल्या, आणि दोघांच्या काचेखाली एकच यादी सरकवली.

“तिकिटावर असती ना,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “तर तुम्ही दोन थांब्यांत फोडली असती.”

बाईंनी फोन उचलला. “मुखपृष्ठ थांबवा,” त्या म्हणाल्या. “हो, मालकांना मी सांगते.” मग फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि आमच्याकडे बघितलं.

“गणित दोघांचंही बरोबर. त्यासाठी ठिपका नाही,” त्या म्हणाल्या. “पण आज तुम्ही दोघांनीही न तपासलेलं उत्तर कार्डावर लिहून माझ्याकडे पाठवलंत. तपासलं होतंस?” हे मला.

“नाही.”

“का?”

“चुकीचं निघालं असतं तर लिहिता आलं नसतं.”

“आणि तू?”

“तेच,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

बाईंनी वही उघडली, लाल पेन घेतलं आणि शांतपणे दोन ठिपके दिले. एक त्याच्या नावापुढे, एक माझ्या. मी ते बघत उभी राहिले. सहा वर्षांचं टेबल एका टिंबात गेलं.

“उद्यापासून दोघं मागच्या खोलीत,” बाई म्हणाल्या. “पत्ते दुपारपर्यंत संपतात.” वही मिटून त्यांनी काचेखालची यादी बाहेर काढली आणि माझ्यापुढे धरली. “दुपारनंतर ही पुढे न्यायची. एक हजार नऊपासून दहा हजारांपर्यंत. हे कार्डाचं काम नाही, इथे लपवाछपवी चालायची नाही. एकाने भागायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे तपासायचं. त्याला शेजारी बसावं लागतं.”

मी यादी घेतली. बाई पुन्हा चष्मा लावून कार्डांत डोकं घालत म्हणाल्या, “आणि बसमध्ये जागा मिळेल तिथे बसत जा. तुम्ही खिडकी सोडता ना, तिथे माझे यजमान बसतात. ते रोज घरी येऊन सांगतात, दोन येडी आहेत म्हणून.”

*

मालक आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग त्यांनी तीच संख्या मुखपृष्ठावर ठेवली, फक्त खालची ओळ बदलली.

ठिपके मिळाले त्या संध्याकाळी आम्ही एकाच जिन्याने उतरलो. पाऊस होता. छत्री माझ्याकडे होती, पण ती उघडायला दोघांचे हात लागले, कारण तिची काडी अडकत होती आणि ती कशी सोडवायची हे त्यालाच माहीत होतं. कोपरा आला. त्याने सवयीने छत्रीच्या दांड्याला हात घातला, मिटायला. मग थांबला.

“आता कशाला मिटायची,” तो म्हणाला.

बसमध्ये खिडकीशी मी बसले, शेजारी तो. कंडक्टरने दोन तिकिटं फाडून दिली. त्याने आकडे बघितले नाहीत, मीही नाही. बराच वेळ तो चष्मा पुसत होता.

“टेबल गेलं तुझं,” तो म्हणाला. ‘तू’ कधी सुरू झालं ते मला कळलं नाही, पण मी ते ऐकलं. “माझ्यामुळे. तू माझं उत्तर लिहायला नको होतंस. ते चुकलेलं असतं तर?”

“चुकलेलं असलं तरी लिहायचंच होतं, म्हणून तर तपासलं नाही. सांगितलं ना बाईंना.”

“पण का?”

मी काचेत बघितलं. बाहेर अंधारून आलं होतं आणि आम्ही दोघं काचेत शेजारी शेजारी दिसत होतो. वहिनी म्हणाली होती, तू विचारशील कशावरून. मी सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितलं. एकोणनव्वद. ओली पँट. सात सत्ते सत्तेचाळीस. माझा आकडा, त्याच्या अक्षरात. कुठेच बाकी उरत नव्हती.

“तुझे ओठ हलतायत,” तो म्हणाला.

“माहीत आहे,” मी म्हणाले आणि त्याच्याकडे वळले. “मला तू आवडतोस. सकाळी न तपासता लिहिलं होतं. आता तपासून सांगतेय.”